मानाच्या जागेची हवा

मुकाश तीन गोष्टींना भीत असे: राजधानीतून येणारा फोन, बायकोचं मौन आणि वारा. पैकी पहिल्या दोन थोड्या वेळानं आपोआप संपतात, हे त्याला अनुभवानं कळलं होतं. वाऱ्याचं तसं नाही. नारिनच्या खोऱ्यात शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की माणूस लांडग्याच्या तावडीतून सुटेल, कड्यावरून पडून वाचेल, पण दोन उघड्या खिडक्यांच्या मध्ये बसला की संपला. मुकाशचे एक काका असेच गेले. ते नव्वदीचे होते आणि घोड्यावरून पडले होते, ही गोष्ट घरात कुणी फारशी मनावर घेतली नाही. त्या दिवशी खिडकी उघडी होती, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

अशा माणसाला सरकारनं वृद्धाश्रमाचा डायरेक्टर केलं. आणि वृद्धाश्रमही असा, की ज्याची सगळी कीर्ती हवेवर उभी.

इमारत नवी होती. बुरुल नावाच्या बाईनं ती आखली होती. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि गावातल्या प्रत्येक धुराड्यातून कोळशाचा धूर. अशा ठिकाणी खिडकी उघडली तर गारठा, न उघडली तर घुसमट. बुरुलनं वाट काढली होती. बाहेरची हवा छतावर गाळून घ्यायची, बाहेर जाणाऱ्या हवेच्याच उबेनं ती गरम करायची आणि बैठकीच्या लांबलचक खोलीत दाराच्या वरच्या जाळीतून हळूच सोडायची. ती सावकाश खोलीभर सरकत जाई आणि समोरच्या भिंतीतल्या जाळीतून बाहेर पडे. झुळूक नाही, गारठा नाही, घुसमट नाही. मुकाशला यातलं निम्मंच कळलं होतं, पण सांगताना तो ते पूर्ण आदरानं सांगे. पाहुणा आला की तो त्याला दाराखाली उभा करी, वर बोट दाखवी आणि म्हणे, "आमच्याकडं हवासुद्धा दारातून येते. खिडकीतून येणाऱ्यांना आम्ही ओळखत नाही."

तर अशा घरात सादीबाकास आबांना खोकला लागला.

सादीबाकास आबा आश्रमात सगळ्यांत वडील. उभं आयुष्य त्यांनी डोलोन घाटात बर्फ काढायचं यंत्र चालवण्यात घालवलं होतं. एका हिवाळ्यात वादळात अडकलेली एक अवघडलेली बाई त्यांनी यंत्राच्या केबिनमध्ये घेतली आणि दवाखान्याकडं निघाले. दवाखाना लांब होता, मूल घाईत होतं. ते मूल म्हणजे मुकाश. अजूनही गावात जुनी माणसं त्याला 'यंत्रातला' म्हणत, आणि आबा कुणाला सांगत, "हा माझ्या केबिनमध्ये आला. तिकीट न काढता."

खोकला आधी सकाळचा होता, मग दिवसभराचा झाला. आबा बोलताना मध्येच थांबायचे, रुमाल तोंडाला लावायचे आणि पुन्हा मागच्या शब्दापासून सुरू करायचे, जणू काही झालंच नाही. तालुक्याहून डॉक्टर तालाय आला, त्यानं पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मुकाशला व्हरांड्यात घेतलं. मुकाशला लोक आदरानं 'आगाय', म्हणजे थोरला भाऊ, म्हणत.

"हा म्हातारपणाचा खोकला नाही, आगाय. हा धूर खाल्लेल्या माणसाचा आहे."

"त्यांनी जन्मात विडी ओढली नाही."

"मग कोण ओढतंय त्यांच्यासाठी ते शोधा. नाहीतर घाट मोकळा झाला की मी गाडी मागवतो. राजधानीत लांबच्या मुक्कामाचा वॉर्ड आहे, तिथं ठेवू."

त्या वॉर्डचा मुक्काम किती लांबचा असतो, हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथून परत आलेला माणूस अजून कुणी पाहिला नव्हता. आणि राजधानीची हिवाळ्यातली हवा म्हणजे अशी, की तिथले लोक ती आत घेण्याआधी डोळ्यांनी बघून घेतात. मुकाशनं घाटाकडं पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्याला तिथला बर्फ कमी वाटला.

त्यानं बुरुलला फोन लावला.

"तुमची हवा माझ्या आबांना मारतेय."

"कुठली हवा?"

"तुम्ही दिली ती. दुसरी आम्ही वापरतच नाही."

"आगाय, जाळ्या कुणी बुजवल्यात का?"

"छे! इथं असं कोण करेल?" मुकाश म्हणाला, आणि बोलता बोलता त्याची नजर स्वतःच्या खोलीतल्या जाळीवर गेली. तिथं त्याचा डावा लोकरी मोजा कोंबलेला होता. उजवा संडासातल्या जाळीत होता.

बुरुल त्या हिवाळ्यात घाटाच्या अलीकडंच, तालुक्याच्या गावी, दुसरं काम बघत होती; दुसऱ्याच दिवशी आली. चाळिशीची, ठेंगणी, मोठ्या बुटांची बाई. गाडीत बसताना माणसं मांडीवर मूल घेतात, तशी तिनं मांडीवर एक छोटी पांढरी डबी घेतली होती. आल्या आल्या तिनं शिडी मागितली आणि प्रत्येक जाळीत हात घालून माल बाहेर काढायला सुरुवात केली. मोजे निघाले, नमद्याचे तुकडे निघाले, एक अख्खी टोपी निघाली, आणि उपेल आपांच्या खोलीतून अर्धी उशी.

उपेल आपा म्हणजे आश्रमाची जीभ. सगळ्यांच्या वतीनं बोलायचं काम त्यांनी कुणी न नेमता घेतलं होतं.

"ती उशी ठेव तिथंच, पोरी," त्या म्हणाल्या. "ऐंशी वर्षं मी या मानेला वारा लागू दिला नाही. तुझ्या भिंतीसाठी आता लावू?"

"आपा, ही झुळूक नाही. हात धरून बघा. लागतोय वारा?"

आपांनी हात वर धरला. बराच वेळ धरला.

"लागत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणूनच तर भीती. लागणारा वारा कळतो तरी."

तरीही सगळ्या जाळ्या मोकळ्या झाल्या. मुकाशनं मोजे पायांत घातले आणि ते कुठून आले हे बुरुलनं विचारलं नाही, याबद्दल तो मनोमन तिचा ऋणी झाला. खोल्यांमधली हवा सुधारली. रात्री माणसं गाढ झोपू लागली. फक्त आबांचा खोकला होता तसाच राहिला.

मुकाशनं अनेक इंजिनिअर पाहिले होते. काम फसलं की ते आधी वापरणाऱ्याला नावं ठेवतात, मग सामानाला, आणि मग गाडीत बसतात. बुरुल गाडीत बसली नाही. तिनं एक स्टूल घेतलं आणि बैठकीच्या खोलीत नुसती बसून राहिली. कुणी चहा दिला तर प्यायली, कुणी टोमणा मारला तर हसली. मधूनच उठायची, पांढरी डबी इकडून तिकडं ठेवायची आणि पुन्हा बसायची. डबीवर एक दिवा होता. हवा चांगली असली की हिरवा, शिळी झाली की पिवळा, वाईट झाली की लाल. दाराशी तो हिरवा असे, मधल्या टेबलाजवळ पिवळा होई. दारासमोरच्या दूरच्या टोकाला नेला, की लाल.

दूरच्या टोकाला लोकरी गालिचा टाकलेली खुर्ची होती. तिच्यावर सादीबाकास आबा बसत. सकाळच्या चहापासून रात्रीच्या चहापर्यंत तिथंच. दुसरीकडं कुठं बसणार? ती तोर. दारासमोरची, दारापासून सगळ्यांत लांबची जागा ही घरातल्या वडील माणसाची. तंबू असो, राजवाडा असो, वडील माणूस तोरवर आणि धाकटी माणसं दाराशी. हे कुणाला शिकवावं लागत नाही. मेंढीसुद्धा तंबूत शिरली तर दाराशीच थांबते.

गुरुवारी उलगडा झाला. गुरुवारी पितरांसाठी तेल तापवून वास सोडायचा असतो. मेलेल्यांना जेवण लागत नाही, वास पुरतो. त्यामुळं आपल्याकडं जिवंतांपेक्षा तेच स्वस्तात पडतात. उपेल आपा आणि दोघी-तिघी जणी दाराजवळच्या शेगडीवर मोठी कढई चढवत, तेल चांगलं धुरावलं की पिठाचे बोरसोक तळत आणि गेलेल्यांची नावं घेत. सगळ्यांची मिळून नावं पुष्कळ होती, त्यामुळं तेलही पुष्कळ वेळ तापे. शेजारी सामोवार धुमसत असे. वर कुणीतरी आर्चा या सुवासिक झाडाची फांदी पेटवून खोलीभर फिरवी, म्हणजे घर शुद्ध होतं.

बुरुल स्टुलावर बसून धुराकडं बघत होती. मुकाशही बघू लागला. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला दिसलं, की धूर अगदी चालीरीत पाळणाऱ्या पाहुण्यासारखा वागतो. दाराशी थोडा थबकला. मग कुणाला धक्का न लावता, कुणाच्या पुढ्यातून न जाता, सावकाश खोलीतून चालत गेला आणि थेट मानाच्या जागी जाऊन बसला. तिथली जाळी त्याला हळूहळू ओढून बाहेर नेत होती हे खरं. पण वाटेत आबांचं नाक होतं.

"गुरुवारी धूर," बुरुल पुटपुटली, "आणि रोज चाळीस माणसांचा उच्छ्वास. खोलीतली सगळी वापरलेली हवा मी तिथं गोळा करून बाहेर पाठवते. म्हणजे खोलीची मोरी आहे ती, आगाय. मी मोरीशी आबांना बसवलं."

"पण तुम्ही आखलंत तेव्हा तिथं काय होतं?"

बुरुलनं नकाशा काढला. तोरवर, भिंतीला लागून, सुबक चौकोन काढला होता. त्यावर लिहिलं होतं: पुस्तकांचं कपाट.

उपेल आपा झारा घेऊनच आल्या. नकाशाकडं बघून त्यांनी जीभ चावली. "तोरवर कपाट! पोरी, तू आमच्यातलीच ना? का वाटेत कुठं बदलली तुला?"

"मी राजधानीत वाढले, आपा. आमचं घर एवढंसं होतं. स्वयंपाकघरात टेबल, टेबलाला दोन बाजू भिंती. तोर नव्हतीच."

"मग वडील माणूस कुठं बसायचं?"

"फ्रिजला टेकून."

आपांना इतकी दया आली, की त्यांनी तिच्या हातात गरम बोरसोक ठेवला. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, की नियमाप्रमाणं आखलं, लोकांनी कपाटाच्या जागी माणूस ठेवला तर मी काय करू. बुरुल म्हणाली, "चूक माझी आहे. मी हवेला विचारलं कुठून जाशील. माणसांना विचारलं नाही कुठं बसाल." आणि बोरसोक खाल्ला. मुकाशनं आयुष्यात अनेक सह्या-शिक्क्यांची माणसं पाहिली होती, पण चूक कबूल करून लगेच खाता येतं असं माणूस पहिल्यांदा पाहिलं.

उपाय तसा सोपा दिसत होता. आबांनी उठून दाराजवळ बसायचं. तेवढं त्यांना सांगायचं. सांगणार कोण, एवढाच प्रश्न. डायरेक्टर पगार घेतो, म्हणून मुकाश गेला. त्यानं हवामानापासून सुरुवात केली, मेंढ्यांवरून वळण घेतलं, बुरुलच्या डबीची स्तुती केली आणि शेवटी म्हणाला, "आबा, दाराजवळ ऊन छान येतं."

आबांनी रुमाल तोंडाला लावला, खोकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "माझ्यावर चोरीचा आळ आलाय का?"

"छे छे!"

"मग मला बुटांशेजारी का बसवतोस, बाळ?"

तेवढ्यात मागून आवाज आला तो दुइशे आबांचा. दुइशे आबा कोळशाच्या खाणीत काम केलेले, वयानं दुसरे. कागदावर आपलं वय एका वर्षानं कमी लावलं गेलंय अशी त्यांची जुनी तक्रार होती आणि तोरवर त्यांचा उघड डोळा होता.

"उठ रे म्हाताऱ्या!" ते ओरडले. "खुर्चीला मुळं फुटली तुझ्या. डायरेक्टर काय सांगतोय ऐक. दाराशी जा, मी बसतो वर."

"तू?" आबा म्हणाले. "तोरवर बसायला दाढी लागते. तुझ्यापेक्षा बकरीची परवडली."

"बकरी तरी खोकत नाही!"

मुकाश हात हलवत मागं फिरला. हे भांडण हिवाळा सुरू झाल्यापासून रोज चाले आणि सगळ्यांना त्यात गोडी होती.

संध्याकाळी त्यानं बुरुलला बरोबर घेतलं आणि आबांच्या खोलीत जाऊन पुन्हा एकदा विनवलं. इथं ऐकणारं कुणी नव्हतं. आबा पलंगावर बसले होते. त्यांनी बुरुलच्या डबीकडं बघितलं.

"ती लाल होते का तिथं?"

"हो, आबा."

"मला डबी लागत नाही. बर्फाखाली केबिन गाडली गेली, की दुसऱ्या तासाला हवा कशी लागते, ते मला माहीत आहे. ती तोर तशी लागते. पहिल्या दिवसापासून."

"मग उठत का नाही?" मुकाशचा आवाज चढला.

"मी उठलो तर कोण बसेल?"

आबांनी रुमालाची घडी घातली.

"दुइशे बसेल. वयानं तोच आहे पुढचा. त्याला अर्धंच फुप्फुस आहे, अर्धं खाणीनं ठेवून घेतलं. तो तिथं बसला तर बर्फ वितळेपर्यंतही टिकायचा नाही. मला दोन आहेत. म्हटलं, त्यातलं एक वापरू." आबा थांबले, खोकले, आणि मागच्या शब्दापासून सुरू झाले. "वापरू. आणि त्याला सांगू नकोस. सांगितलंस तर मला खिजवायला म्हणून मुद्दाम बसेल."

"आणि तुम्हाला गाडीनं नेलं तर?"

"म्हणून तर मी जाणार नाही म्हणतो. मी गेलो की खुर्ची रिकामी."

दोघं बाहेर आले. मुकाशला नाक शिंकरायची गरज भासली. पण ते पुरतं उरकायच्या आत बोळातून काठी आपटत दुइशे आबा आले आणि त्यांनी त्याची बाही धरली.

"यंत्रातल्या, काय म्हणाला तो? उठतो का?"

"नाही उठत, आबा."

"अरे, मग ओढून काढा! मी रोज घसा फोडून शिव्या देतोय त्या काय खुर्चीची हौस आहे म्हणून? तिथली हवा सडकी आहे. खाणीतला माणूस आहे मी, मला वासानं कळतं. तो तिथं विझत चाललाय. मला बसव. माझं फुप्फुस तसंही अर्धं गेलेलं, जुन्या भांड्याला पोचा आला तर काय बिघडतं?" मग ते जवळ आले. "पण त्याला सांगू नकोस. मला उपकार करायचे नाहीत त्याच्यावर. डोक्यावर बसेल."

ते काठी आपटत गेले. खोऱ्यातली सगळ्यांत वाईट हवा आपल्या वाट्याला यावी म्हणून दोन म्हातारे हिवाळाभर भांडत होते, आणि अख्खा आश्रम ते मानासाठी भांडतात असं समजून मजा बघत होता. मुकाशनं सभा-संमेलनांत थोर माणसांवर पुष्कळ भाषणं केली होती. आता त्याला वाटलं, की ती सगळी चुकीच्या माणसांवर झाली.

"दोघांपैकी कुणीही बसला तरी मरणार," तो म्हणाला. "आणि तोर रिकामी ठेवता येत नाही. रिकामी तोर म्हणजे घरात वडील माणूस उरलं नाही. हवाच उलटी फिरव की तू!" तो कधी 'तुम्ही'वरून 'तू'वर आला, ते दोघांनाही कळलं नाही.

"सगळ्या नळ्या छतात आहेत. छत उघडावं लागेल. उन्हाळ्यात करता येईल."

"आत्ता?"

"या थंडीत उघडलं तर हवा बदलेल, आगाय. माणसंही बदलतील."

दुसऱ्या दिवशी मुकाशनं बैठकीत नवी टूम काढली: सगळ्या खुर्च्या गोलात मांडायच्या. गोलाला टोक नसतं, म्हणजे तोर नाही, म्हणजे प्रश्न मिटला. स्वतःच्या बुद्धीवर तो स्वतःच खूश झाला. म्हाताऱ्यांनी निमूटपणे खुर्च्या गोलात मांडल्या, आणि मग सादीबाकास आबा उठून गोलातल्या दारासमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. बाकीचे वयाप्रमाणं दोन्ही बाजूंनी उतरत गेले.

उपेल आपा हसून हसून बेजार झाल्या. "डायरेक्टर, तू गोल कर, चौकोन कर, नाहीतर मेंढीच्या शेपटासारखा कर. दार कुठंतरी असणारच ना? दार जिथं, त्याच्या समोर तोर."

बुरुल कोपऱ्यात चहा पीत होती. तिनं कप खाली ठेवला.

"आपा, म्हणजे तोर दारावर ठरते? भिंतीवर नाही? खिडकीवर, मक्केच्या दिशेवर, कशावरच नाही?"

"दारावर. आणखी कशावर?"

बुरुल उठली आणि तोरमागच्या भिंतीवर बोटानं टकटक करत चालू लागली. "याच्या पलीकडं काय आहे?"

"पिठाची कोठी. तिच्यापलीकडं बोळ."

"ही भिंत छताचं ओझं घेत नाही. मीच आखलीय." ती वळली. मोठ्या बुटांतली ती ठेंगणी बाई त्या क्षणी मुकाशला चांगली उंच वाटली. "आगाय, माणूस उठत नसेल तर राहू दे. हवा वळत नसेल तर राहू दे. आपण दार हलवू."

तिनं ते असं सांगितलं, की जणू टेबल हलवायचंय. पिठाची कोठी रिकामी करून तिच्यातून बोळाकडं वाट काढायची आणि इथं, धुरकट जाळीखाली, नवं दार पाडायचं. तिकडचं जुनं दार भिंत घालून बंद करायचं, पण त्याच्या वरची ताज्या हवेची जाळी तशीच ठेवायची. मग तोर आपोआप तिकडं जाईल, ताज्या हवेखाली. शेगडी येईल इकडं, नव्या दाराशी. तेलाचा धूर उठला की डोक्यावरच्या जाळीतून सरळ बाहेर. आग लागली तर लांबच्या बाजूला तीन मोठ्या खिडक्या आहेत, जमिनीलगतच्या; आधीपासून आहेत.

"सरकारी भिंत आहे," मुकाश म्हणाला. "नवी आहे. राजधानीला विचारावं लागेल."

"ते काय म्हणतील?"

"ते म्हणतील, तज्ज्ञांची समिती नेमतो."

"आणि घाट कधी मोकळा होईल?"

मुकाशनं खिडकीतून बाहेर बघितलं. छपरांवरून पाणी ठिबकत होतं. मग तो आयुष्यात पहिल्यांदा, कुणालाही फोन न करता, डायरेक्टरसारखा बोलला. "पाड. राजधानीला दार बसल्यावर कळवू. बसलेल्या दाराला कुणी उठवत नाही."

गावातले दोन मिस्त्री आले. ठोकाठोक सुरू झाली. बुरुलनं सगळ्यांना जेवणाच्या खोलीत हलवलं, ओल्या चादरी टांगून धूळ अडवली आणि स्वतः मिस्त्र्यांबरोबर विटा उचलल्या. म्हातारे चादरीच्या फटीतून डोकावून सल्ले देत. खाणीतल्या माणसाला भिंत कशी पाडायची हे सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं आणि रस्त्याच्या माणसाला राडारोडा कुठं टाकायचा हे. दुइशे आबा दर वाक्यामागं सादीबाकास आबांना शिवी देत होते, पण आता मुकाशला त्या शिव्या वेगळ्या ऐकू येत होत्या.

दार बसलं. उंबरा बसला. पण नुसतं भोक पाडून दार होत नाही, हे उपेल आपांनी बजावलं. ज्यातून वडील माणूस आशीर्वाद देत आत गेलेलं नाही, ते दार नव्हे, भगदाड. म्हणून सगळे बोळात जमले. सादीबाकास आबा पुढं झाले. दारात थांबून त्यांनी तळहात वर केले, या घरात धान्य असो, भांडणाला सोबती असो, असं काहीतरी म्हणाले, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, आणि आबा उजवा पाय टाकून, तो उंबऱ्यावर न पडू देता, आत गेले.

मुकाश टाचा उंचावून बघू लागला. सवय मोठी वाईट असते. आबा जुन्याच टोकाला वळले तर? पण जुनं टोक आता दाराशी होतं. आबांनी एकदाही डोकं खाजवलं नाही. दारातून शिरलेला वडील माणूस जसा जातो, तसे ते सरळ चालत खोलीच्या पार टोकाला गेले आणि जिथं इतके दिवस सगळ्यांचे बूट पडायचे तिथं, बुजवलेल्या दाराला पाठ लावून, गालिचाच्या खुर्चीवर बसले. मागोमाग दुइशे आबा, मग बाकीचे, एकामागून एक. अख्खी खोली उलटी झाली आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही. बुरुलनं डबी आबांच्या खुर्चीच्या हातावर ठेवली. दिवा हिरवा झाला. तो तसाच राहिला.

"कालपर्यंत इथं माझे बूट असायचे," आबा म्हणाले. "बुटांची चैन होती म्हणायची."

पुढच्या गुरुवारी उपेल आपांनी नव्या दाराशी कढई चढवली. धूर उठला, वर बघितलं-न बघितलं आणि जाळीतून नाहीसा झाला. आपा क्षणभर कष्टी झाल्या. मग त्यांना त्यातला फायदा दिसला. "आता वास सरळ पितरांना," त्यांनी जाहीर केलं. "मध्ये दलाल नाही."

बर्फ वितळला. घाट मोकळा झाला आणि एका सकाळी राजधानीची गाडी आवारात येऊन उभी राहिली. डॉक्टर तालाय तिच्यातूनच उतरला. तो सवयीनं जुन्या दारापर्यंत गेला, भिंतीला हात लावून बघितला, आणि बोळातून फिरून नव्या दारानं आत आला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. वृद्धाश्रमात काम करणाऱ्या डॉक्टरनं अशा गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नसतात.

आबांनी सदरा वर केला. खोलीत चमचा वाजेना. बुरुल त्यासाठी पुन्हा मुद्दाम आली होती. ती भिंतीला टेकून बुटांकडं बघत उभी होती. मुकाशला आपल्या छातीचे ठोके ऐकू येत होते आणि ते डॉक्टरच्या नळीत तर जाणार नाहीत ना, अशी त्याला काळजी वाटली.

डॉक्टरनं पुढून ऐकलं, मागून ऐकलं, दीर्घ श्वास घ्यायला लावला. आबांनी घेतला. खोकला आला नाही. पुन्हा घ्यायला लावला.

"राहू द्या यांना इथं," डॉक्टर म्हणाला. "यांना नेलं तर मी काय सांगणार तिकडं?"

लोक एकदम बोलायला लागले. पण आबांनी सदरा खाली केला नाही. त्यांनी काठीनं शेजारच्या खुर्चीकडं बोट दाखवलं.

"आता त्याचं ऐक."

"मला काही झालं नाही," दुइशे आबा म्हणाले.

"त्याचं ऐकल्याशिवाय मी बटणं लावणार नाही. थंडी वाजून मेलो तर दोष त्याचा."

"मर की! खुर्ची मोकळी होईल."

"सदरा वर कर, बकऱ्या."

दुइशे आबांनी कुरकुरत सदरा वर केला. डॉक्टरनं यावेळी जास्त वेळ ऐकलं. इतका वेळ, की आबांचा हात नकळत दुइशे आबांच्या खुर्चीच्या पाठीवर गेला आणि तिथं घट्ट बसला.

"अर्धंच आहे," डॉक्टर शेवटी म्हणाला. "पण ते अर्धं चांगलं चाललंय. शरद ऋतूत ऐकलं होतं, त्याहून बरं."

"ऐकलंस?" दुइशे आबा म्हणाले. "तुझ्या दोनाला भारी आहे माझं अर्धं."

आबांनी बटणं लावली. सगळी नीट, गळ्यापर्यंत. मग त्यांनी बुरुलला हाताच्या खुणेनं बोलावलं, आणि ती नको नको म्हणत असताना आपल्या उजव्या हाताला, तोरच्या शेजारी, स्टूल मांडायला लावलं. तिथं आजवर साठीच्या आतलं कुणी बसलं नव्हतं. उपेल आपांनी सगळ्यांच्या आधी तिच्या हातात चहाचा पेला दिला, आणि या खेपेला टोमणा मारायचं विसरल्या.

बाहेर गाडीचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बसला होता. मुकाश व्हरांड्यातून खाली उतरला, तेव्हा त्यानं काच खाली केली.

"पेशंट कुठं आहे?"

"पेशंट नाही, चहा आहे," मुकाश म्हणाला. "आत ये. आणि आधी ते इंजिन बंद कर. इथं माणसं श्वास घेतात."